मशीन झाकून ठेवलं तो मार्च

मार्च लागला की सकाळी नऊच्या सुमाराला जव्हारच्या स्टँडवर जीपमधून परीक्षेची पोरं उतरायला लागतात. एकेका जीपमध्ये किती पोरं बसलेली असतात ते बघत उभं राहिलं तर उतरणं संपतच नाही. धुतलेले पण इस्त्री न केलेले युनिफॉर्म, हातात लिहायचं पॅड, पारदर्शक पाऊचमध्ये दोन-तीन पेनं आणि सगळ्यांच्या केसांना चप्प तेल. मुली एकमेकींना शेवटचं काहीतरी विचारतात आणि उत्तर यायच्या आत तिसरीकडे वळतात. आमच्या खिडकीतून स्टँडवरून शाळेकडे जाणारा रस्ता दिसतो, आणि माझं शिलाईचं मशीन त्याच खिडकीपाशी आहे. यंदाची पोरं परवापासून जायला लागली आणि पायडलवरचा माझा पाय आपोआप हळू झाला.

अनुजाच्या दहावीला आता चार वर्षं झाली. माझी ही एकुलती एक मुलगी सध्या नाशिकला नर्सिंग शिकते. फोनवर मला बीपी आणि शुगरचं ज्ञान देते. तिला त्या मार्चबद्दल विचारलं तर म्हणेल, झालं गेलं, आई. माझं मात्र तसं नाही. हवेत हा कोरडा ऊन-ऊन वास आला, दुपारी पत्रा तडतडायला लागला, पलीकडच्या उतारावरचे पळस लाल झाले, की मी पुन्हा त्याच महिन्यात जाऊन बसते.

आमचं घर तीन खोल्यांचं. रस्त्याकडची खोली माझ्या कामाची. ब्लाउज, फॉल-पिको, शाळांचे युनिफॉर्म हे नेहमीचं काम. आणि बाहुल्या हे आवडीचं. बाहुल्यांची सुरुवात कातरणांमुळे झाली. ब्लाउजपीस कापले की खाली एवढाले तुकडे पडतात, हिरवे, राणी, जांभळे, जरीच्या काठाचे. ते टाकवेनात. म्हणून एकदा अनुजा लहान असताना तिला एक बाहुली शिवून दिली, मग शेजारच्या मुलीला, आणि हळूहळू बालवाडीच्या बाई विचारायला लागल्या. आता खोलीत एका भिंतीला दोरी आहे. तिच्यावर धड शिवून झालेल्या पण चेहरा नसलेल्या बाहुल्या चिमट्यांनी लटकलेल्या असतात. नवीन गिऱ्हाईक दारात आलं की एक क्षण दचकतं.

मंजुळा माझ्याकडे तेव्हा सहा वर्षं शिवायला येत होती. ती जवळच्या जामसर गावची. तिच्या घरची भातशेती पावसावरची, त्यामुळे जून ते दिवाळी ती शेताची आणि दिवाळीनंतर माझी. सकाळच्या जीपने यायची, दुपारच्या चारच्या जीपने जायची. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. घरी बोलतात ती भाषा वेगळी. माझ्याशी बोलताना मराठी, पण त्यात ‘मला’च्या जागी ‘मना’ यायचं. अनुजा तिला मंजूमावशी म्हणायची आणि शाळेतून आली की दप्तर टाकून तिच्याशेजारी बसून बाहुल्यांच्या पोटात कापूस भरायची. ते काम तिला शांत करायचं. एका हाताने बाहुलीचं मानगूट धरायचं आणि दुसऱ्या हाताने पेन्सिलच्या टोकाने कापूस आत ढकलत राहायचं.

त्या वर्षी आसपासच्या पाड्यांवरच्या बालवाड्यांसाठी आम्हाला साठ बाहुल्या करायच्या होत्या. गुढीपाडव्यापर्यंत द्यायच्या होत्या. आणि त्याच वर्षी अनुजाची दहावी.

फेब्रुवारीच्या शेवटी एके दिवशी मी मशीनवर होते आणि पाणी प्यायला आत गेले. अनुजा पुस्तक उघडून बसली होती. तिच्या दोन्ही कानांत बाहुल्यांचा कापूस होता, चांगले बोंडाएवढे गोळे. माझ्याकडे बघून तिने ते पटकन काढले. मी बाहेर आले, मशीनची सुई वर घेतली, बॉबिन काढून डबीत ठेवली आणि मशीनवर जुनी चादर टाकली. मंजुळाला म्हटलं, परीक्षा संपेपर्यंत सगळं हाताने.

त्या महिन्याएवढं शांत आमचं घर कधी नव्हतं. मिक्सर बंद, चटणी खलबत्त्यात, तीही मागच्या ओट्यावर बसून. कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या आत मी गॅस बारीक करून उभी. अनुजाचे बाबा मोखाड्याला नोकरीला जायचे. ते संध्याकाळी परतले की दाराशी चपला अशा काढायचे, जणू आत कुणाची पूजा चालली आहे. जेवताना ताटाचा आवाज नको म्हणून ते ताटाखाली रुमाल घ्यायचे. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. उलट वाटायचं, आपण सगळे मिळून मुलीसाठी किती करतो आहोत.

आणि खरं सांगायचं तर ते हाताने शिवणं मला आवडायला लागलं होतं. मशीनवर एक टीप सरसर जाते, शिवणाऱ्याला विचार करायला वेळच मिळत नाही. हाताने तुम्ही प्रत्येक टाक्यापाशी थांबता. मंजुळा आणि मी खिडकीच्या उजेडात समोरासमोर बसायचो. तिची बोटं भात लावणारी, रुंद आणि जाड, पण सुई त्यांच्यात अशी फिरायची की बघत राहावं. चेहरे आम्ही दोघी वाटून करायचो. एका दुपारी अनुजा बाहेर आली, दोरीवरच्या बाहुल्या बघत उभी राहिली आणि म्हणाली, “मावशीच्या बाहुल्या काहीतरी सांगायला निघाल्यात. आई, तुझ्या सगळ्या रागावलेल्या आहेत.”

मी बघितलं. मंजुळाच्या बाहुल्यांची तोंडं थोडी उघडी होती. माझ्या बाहुल्यांचे ओठ म्हणजे लाल दोऱ्याची एक सरळ, घट्ट ओढलेली रेघ. मी हसण्यावारी नेलं, पण त्या दिवशी उरलेले चेहरे मंजुळाकडे दिले.

परीक्षा सुरू झाली. मराठीचा पेपर झाला, हिंदी झाला, इंग्रजी झाला. गणिताच्या पहिल्या, बीजगणिताच्या पेपरला आठवडा होता. मी तयार बाहुल्या मोजून पोत्यात भरत होते. भरण्याआधी प्रत्येकीचं पोट दाबून बघायचं, कापूस कमी तर नाही ना, ही माझी सवय. एका निळ्या परकराच्या बाहुलीचं पोट दाबलं तर आतून कुरकुर आवाज आला. मशीन चालू असतं तर तो आवाज कुणाला ऐकू आला नसता. मी पुन्हा दाबलं. कागद.

मंजुळा खाली मान घालून शिवत होती. तिने मान वर केली नाही, त्यावरूनच मला कळलं की तिला माहीत आहे.

मी बाहुलीची पाठ उसवली. टाके मंजुळाचे होते. तिची टीप मी हजारात ओळखेन. आत कापसात घट्ट गुंडाळलेली उत्तरपत्रिका होती. पूर्वपरीक्षेची, बीजगणिताची. चाळीसपैकी नऊ. अनुजाने मला सांगितलं होतं, पेपर अजून मिळालेले नाहीत.

अनुजा शाळेत सराव वर्गाला गेली होती, घरात आम्ही दोघीच. मी मंजुळाला विचारलं, तिने तुला हा पेपर दाखवला होता का. ती हो म्हणाली. तूच शिवलंस का. हो म्हणाली. पुढे काही सांगेल म्हणून मी थांबले, तर ती पुढचा टाका घालायला लागली. राग मला नक्की कुणाचा आला होता हे मला आजही नीट सांगता येणार नाही. नऊ मार्कांचा असेल, मुलीने लपवल्याचा असेल. पण जास्त बोचलं ते हे की तिने ते माझ्याच घरात, माझ्याच बाहुलीत, दुसऱ्या बाईच्या हाताने शिवून घेतलं. मी म्हणाले, “उद्यापासून तू येऊ नकोस.”

तिने सुई टाचणीच्या उशीत खोचली, मांडीवरचे दोरे झटकले, डबा पिशवीत घातला आणि गेली. चारची जीप यायला अजून दीड तास होता.

त्या दिवशी मी अनुजाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलले तर पेपरच्या तोंडावर ती बिघडेल असं स्वतःला सांगत राहिले. ते खोटं होतं. कुठून सुरुवात करायची हेच मला माहीत नव्हतं. तिने विचारलं, मावशी का नाही आली. मी म्हटलं, घरी काम असेल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग आत गेली. आतून पान उलटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. अनुजाचे बाबा घरी होते. मी त्यांना सांगितलं, जामसरला जाऊन येते. पहिल्या जीपने निघाले. इतक्या वर्षांत मी मंजुळाच्या घरी एकदाच गेले होते, तिच्या दिराच्या लग्नाला. घरात तिची सासू होती. ती म्हणाली, मोहाखाली आहे.

शेताच्या बांधावर मोहाचं मोठं झाड आहे. त्या दिवसांत पहाटे फुलं पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचायची असतात. खाली झाडलेली जमीन, तिच्यावर पिवळट फुलांचा सडा, आणि तो वास, गोड आणि थोडा आंबूस, डोक्यात जाणारा. मंजुळा उकिडवी बसून टोपलीत फुलं टाकत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असेल, पण तिने दाखवलं नाही. जरा सरकून बसली, एवढंच. मीही बसले आणि वेचायला लागले. मला ते नीट जमत नव्हतं. फुलं रसरशीत असतात, बोटांत चिरडतात. तिने माझ्याकडे बघून चिमूट कशी धरायची ते दाखवलं.

टोपली अर्धी भरल्यावर मी म्हटलं, तू मला सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, “पोरीनं मना विश्वासानं सांगलं, ताई. मी ते तुमाला येऊन सांगलं असतं, तर पुढच्या खेपेला तिनं कोनाला सांगायचं?”

मग तिने तिचं सांगितलं. मंजुळा आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. गणितात नापास झाली. निकाल घेऊन ती पायी घरी आली तेव्हा वडील पेरणीआधी घरामागच्या बांधावरची झुडपं तोडत होते. तिने सांगितलं आणि ते काहीच बोलले नाहीत. ओरडले नाहीत, मारलं नाही. फक्त पुन्हा कामाला लागले. तीही मग विळा घेऊन त्यांच्यामागे गेली, आणि तिथून पुढे शाळेचा विषय त्या घरात निघाला नाही. ती म्हणाली, बाप चांगला होता. गप्प बसला म्हणजे आपण पोरीला दुखवलं नाही असं त्याला वाटलं असेल. पण तिला वर्षानुवर्षं वाटत राहिलं, त्या दिवशी ते काहीतरी बोलले असते, अगदी वाईटसाईट, तर तिने परत पेपरला बसायचं का, हे तरी विचारलं असतं.

हे सांगताना तिचे हात थांबले नव्हते. मी मात्र थांबले होते. घरी मी दोन दिवस नेमकं काय करत होते ते मला दिसलं.

उठताना मी तिला म्हटलं, उद्या ये. ती म्हणाली, फुलं वाळत घालून दुसऱ्या जीपने येते. माफी अशी मी मागितली नाही. मागायला हवी होती, हे परतीच्या जीपमध्ये कळलं. दुसऱ्या दिवशी ती दारात आल्या आल्या मी माफी मागितली, तेव्हा तिला फार अवघडल्यासारखं झालं.

पण आधी रविवारची दुपार. घरी आले, हातपाय धुतले आणि ती उत्तरपत्रिका अनुजापुढे ठेवली. वाटेत बरंच काही ठरवलं होतं, ते सगळं विसरले. म्हटलं, “हा पेपर मला सापडला. मला भीती वाटते आहे, अनू. तुला वाटते तेवढीच.”

ती रडली. तिला रडू दिलं. मग हळूहळू बोलायला लागली, आणि जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. कानात कापूस मशीनच्या आवाजासाठी नव्हता. मशीन तर ती जन्मल्यापासून ऐकत होती. ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी जे सांगत होते, ते ऐकू येऊ नये म्हणून होता. आमची अनू नर्स होणार. आमची अनू नव्वद टक्क्यांच्या खाली येणार नाही. तिला गणितातलं काही सुटत नसताना हे दिवसातून चारदा भिंतीपलीकडून यायचं. “आणि मग तू मशीनच बंद केलंस,” ती म्हणाली. “आता तर तू श्वास घेतलास तरी मला ऐकू येतो.”

मी उठले आणि मशीनवरची चादर काढली.

गणिताला चार दिवस होते. मला बीजगणित येत नाही, तिच्या बाबांना थोडं येतं. ते संध्याकाळी आले की तिला घेऊन बसायचे, आणि दिवसा ती आमच्या खोलीत, कापायच्या टेबलाच्या कडेला बसायची. गणित सोडवून झालं की ते मंजुळाला समजावून सांगायचं, असं त्या दोघींनी आपसांत ठरवलं होतं. मंजुळा बाहुलीचे केस विणता विणता पूर्ण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “मना नाय समजलं. परत सांग.” अनुजा पुन्हा सांगायची, या वेळी सावकाश. कधी सांगता सांगता मध्येच थांबायची, वहीकडे बघायची आणि म्हणायची, थांब मावशी, माझंच चुकलंय. मी मशीनवर पायाने ताल धरून युनिफॉर्मच्या बाह्या जोडत होते आणि पाठीमागे एक्स आणि वायची किंमत पुन्हापुन्हा निघत होती. मंजुळाला त्यातलं किती कळलं कोण जाणे. एकदा मात्र तिने विचारलं, कालच्या गणितात तू हे उणे केलं होतंस, आज का नाही केलं, आणि तिचं बरोबर होतं.

पेपरच्या सकाळी अनुजाने काही खाल्लं नाही. मंजुळा त्या दिवशी मुद्दाम पहिल्या जीपने आली होती. आम्ही दोघी तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. फाटकापाशी मला नेहमीसारखं सांगावंसं वाटलं, नीट वाच, घाई करू नकोस, कच्चं काम बाजूला कर. मी म्हटलं, संध्याकाळी भजी करते. परत येऊन मी दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या आणि उसवत बसले. दुपारी ती आली, चप्पल काढली आणि दारातूनच म्हणाली की एक प्रश्न सोडला, बाकी लिहिलंय. बरोबर की चूक माहीत नाही. मग तिने ताट भरून भात खाल्ला.

परीक्षा संपल्यावर आम्ही तिघी बाहुल्यांची पोती घेऊन निघालो. शेवटची बालवाडी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर होती. मोखाड्याहून जीपने चढ चढत गेलो. वर हवा थंड, जंगल दाट, पण उन्हाळा तोंडावर आलेला. विहिरीपाशी रिकाम्या हंड्यांची रांग होती आणि बायका सावलीत बसून पाणी साठायची वाट बघत होत्या. बालवाडीत चार-पाच वर्षांच्या एका मुलीला अनुजाने बाहुली दिली. तिने ती उलटीपालटी करून बघितली, पोट दाबलं, परकर वर करून पाय मोजले आणि मग अनुजाला गंभीरपणे विचारलं की ही पाणी पिते का. अनुजा नाही म्हणाली. “मग बरं,” ती म्हणाली आणि बाहुलीला काखेत मारून निघून गेली. परतताना अनुजा जीपमध्ये बराच वेळ बाहेर बघत होती. नर्स व्हायचं हे माझं स्वप्न होतं. तिचं ते त्या दिवसानंतर कधीतरी झालं असावं. कधी ते मी विचारलं नाही.

निकाल लागला त्या दुपारी ती मैत्रिणीकडे फोनवर बघायला गेली होती. मी मशीनवर होते. ती धावत आली नाही, चालत आली. खिडकीतून मला ती रस्त्यापासून दिसत होती आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, सगळ्यात पास, गणितात चव्वेचाळीस. टक्के पंचाहत्तरच्या आसपास. मी तिला जवळ घेतलं. दोघी हसत होतो आणि टेबलावरची कात्री खाली पडली तरी कुणी उचलली नाही. मग ती म्हणाली, जामसरला जाऊन येते. मी म्हटलं, फोन कर की मावशीला. नको, जाऊनच सांगते, म्हणाली, आणि चारच्या जीपने गेली. मुक्कामाला राहून सकाळी परत आली.

तिथे काय बोलणं झालं ते मला तिने सांगितलं नाही, मंजुळाने सांगितलं. आठवड्याने ती आली होती, पेरणीच्या आधीचा तिचा शेवटचा दिवस होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि खोलीत दिवा लावावा लागला होता. सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली की पोरगी संध्याकाळी शेतात आली, बांधावरूनच ओरडून मार्क सांगितले. मंजुळाने तिला विचारलं, घरी सांगून आलीस ना. तर म्हणाली, “आईला सगळ्यात आधी सांगितलं, मावशी. तू दुसरी.”

मंजुळाने दोरा ओवला, गाठ मारली आणि कामाला लागली. मी पायडल मारत राहिले. टीप थोडी वाकडी गेली. ती मी उसवली नाही.